ओनेझिमने धाडलेलं भोक

वरच्या नदीकाठावरून, बटाटे तळघरात गेल्यानंतर, नोव्हेंबर सरता सरता

माझ्या पाठच्या भावास, ओनेझिमला, थोरल्या एक्झिल्दाचे पोटभर आशीर्वाद. इकडे आम्ही सगळे देवाच्या आणि सांत ॲनच्या कृपेने धड आहोत, माझे गुडघे सोडून. (गुडघ्यांचं आणि कृपेचं पहिल्यापासून जमलेलं नाही.) तुझी कंबर काय म्हणते? वहिनीचा खोकला गेला का? तुमच्या कागदाच्या गिरणीचा तो सडक्या कोबीचा वास अजून तसाच येतो, की नाकाला सवय होऊन तू त्यालाच हवा म्हणतोस? अक्षर आपल्या डेल्फीनचं आहे, शब्द माझे आहेत. मला अक्षर येत नाही हे तुला नव्याने सांगायला नको. आपल्या घरात शाळेत जाण्याजोगा बुटांचा एकच जोड होता आणि तो तुझ्या मापाचा होता. राग नाही. तू तो चांगला झिजवलास, एवढं पुरे. डेल्फीन म्हणते, "आई, हे कशाला लिहायचं?" मी म्हटलं, लेकी, तू हात चालव, तोंड माझं चालू दे.

पत्राचं कारण आभार. आभार मानायची मला सवय नाही, तेव्हा मी जरा लांबून वळसा घालून येते. बटाट्याच्या शेतात बैल वळवतात तसं. मध्येच वळलं तर सरी मोडते.

गेल्या साली काय झालं ते तुला कळलंय, पण अर्धंच कळलं असणार, कारण ते तुला आमच्या जावईबापूंनी कळवलं. आल्सीद माणूस चांगला आहे. (डेल्फीन, हेही लिही, नवरा तुझाच आहे.) फक्त तो प्रत्येक गोष्ट अशी सांगतो की सगळ्यांनी चुका केल्या आणि तो जवळ उभा होता. तर गेल्या साली बीचच्या झाडांच्या डोंगरधारेवर, माझा लुजे, देव त्याला शांती देवो, ज्या बुंध्यावर जन्मभर बसला त्याच बुंध्यावर मी बसले होते आणि समोर शिंगवाला नर येऊन उभा राहिला, आडवा, जसा काही फोटो काढून घ्यायचाय. मी बंदूक उचलली. आता तुला ठाऊक आहे, आपली लिव्हरची जुनी बंदूक, मागे नळीवर शिंगांसारखी खाच आणि पुढे टोकाला नेमाचा खिळा, माशी म्हणतात ती. खाच पाहावी तर माशी पुसट. माशी पाहावी तर खाच म्हणजे नुसता धूर. दोन्ही एका रेषेत आणेपर्यंत हरीण मात्र स्वच्छ दिसत होतं, त्याच्या पापण्यासुद्धा. या वयात लांबचं सगळं दिसतं रे, हाताजवळचं तेवढं दिसत नाही. मी चाप ओढला. नराने माझ्याकडे पाहिलं, जरासं वाईट वाटल्यासारखं, आणि चालत गेला. पळालासुद्धा नाही.

मग शिकारीच्या कॅम्पवरचा नियम. ज्याचा नेम चुकला त्याच्या शर्टाचं मागचं शेपूट कापायचं आणि चुलीमागच्या भिंतीवर खिळ्याने ठोकायचं. ती भिंत तुला आठवत असेल, तुझी तर तिथे तीन शेपटं आहेत. (चार म्हणतात काही जण.) लुजेचं एकही नव्हतं. पण त्या दिवशी माझ्या अंगात शर्ट लुजेचा होता, लाल चौकडीचा, तो गेल्यापासून मी शिकारीला हाच घालते. आल्सीदने कात्री हातात घेतली आणि घुटमळला. म्हणाला, "आई, हा नको. दुसरा घालून या, तो कापू." मी म्हटलं, काप. नियम नियम. कापलं त्याने. आता जन्मात जो माणूस कधी चुकला नाही त्याचं शेपूट भिंतीवर आहे आणि चूक माझी आहे. एवढ्यावर भागलं असतं तर मी गप्प बसले असते. पण रात्री जेवताना पोरं म्हणाली, आता आईला थंडीत कशाला बसवायचं? पुढल्या साली पुन्हा चुकलं तर बीचची धार आल्सीदकडे द्यायची आणि आईने कॅम्पवर चुलीपाशी प्लोयची धिरडी भाजायची. सगळे हसले. मीही हसले. प्लोय मी चांगल्या भाजते, त्यात वाद नाही. पण तिथे बुंध्यावर बसलं की लुजे माझ्या पाठीशी बसल्यासारखा असतो आणि एक शब्द बोलत नाही. जिवंतपणी नुसती बडबड होती त्याची. चुलीपाशी तो येत नाही. तव्याजवळ त्याला मी कधी येऊच दिलं नाही.

अशात ऑगस्टमध्ये तुझी पुडी आली. डेल्फीनने तुझी चिठ्ठी वाचली: "एक्झिल्दा, ही नेम धरायची भोकाची साइट माझ्याकडे पडून होती, उपयोग नाही, तुझ्या बंदुकीच्या दस्त्यापुढच्या लोखंडी पेटीला डावीकडे बसव, डोळ्याजवळ येईल. भोकाकडे बघायचं नाही, भोकातून बघायचं. बाकी डोळा आपोआप करतो." पडून होती म्हणे. ओनेझिम, मी अडाणी आहे, आंधळी नाही. स्क्रूच्या खाचा झिजलेल्या होत्या, आणि त्या फडक्याला तुझ्याच तेलाचा वास होता, तू बंदुकीला शिलाई मशीनचं तेल लावतोस म्हणून लुजे तुला हसायचा. तू ती तुझ्या बंदुकीवरून काढलीस. तुझी कंबर आता जंगलात जात नाही म्हणून काढलीस, की मी तिथे बसावं म्हणून काढलीस, ते मी विचारत नाही. विचारलं तर तू खोटं बोलशील आणि मला ते डेल्फीनकडून वाचून घ्यावं लागेल. पुडी उघडली त्या दिवशी मी पीठ मळायचं अर्धं टाकून मागच्या पायरीवर जाऊन बसले होते, एवढंच सांगते.

आता बसवायची कथा. नव्या बंदुकांना म्हणे कारखान्यातूनच डाव्या अंगाला भोकं पाडून येतात. आपली त्याआधीची. तिच्या अंगावर भोक नाही, म्हणजे पाडायला हवं, तेही दोन, पोलादात, आणि आत आटे. गावात असल्या कामाचा माणूस आहे, पण जावईबापू म्हणाले, "आई, मी बटाटे काढायचं अख्खं यंत्र उघडून पुन्हा जोडलंय." मी म्हटलं, जोडल्यावर उरलेले दोन बोल्ट अजून खिडकीत आहेत. ते त्यांना लागलं. मग काय, बंदूक गोठ्यात गेली. आधी लुजेची खाच ठोकून काढली, नाहीतर ती मध्येच डोळ्यासमोर उभी राहते. ती मी बटणांच्या डब्यात ठेवली आहे. मग आल्सीदने खूण केली, ड्रिल धरलं, आणि पहिलं भोक पडलं ते खुणेच्या शेजारी. शेजारी म्हणजे अगदी घराशेजारी नव्हे, पण एका अंगणात दोन घरं असावीत तसं. ते बुजवायला एक आंधळा स्क्रू घातला, वरून कानस मारली, आता ते सांत ॲनच्या मूर्तीच्या गालावरच्या तिळासारखं दिसतं. दुसरं नीट पडलं. तिसरं, म्हणजे खरं पहिलं, तेही नीट पडलं. साइट बसली, स्क्रू आवळले, आणि आल्सीद हात पुसत म्हणाला, "घ्या आई, विमानातसुद्धा एवढी घट्ट बसवत नाहीत."

घट्ट कसली. सगळी बंदूकच घट्ट. खालचा लिव्हरचा दांडा हलेना. मी ओढला, त्याने ओढला, दोघांनी मिळून ओढला (गाय व्यायला अडली की ओढतात तसा), नाही. आल्सीद म्हणाला गंज. तेल ओतलं. म्हणाला थंडी. चुलीजवळ ठेवली. रविवारी प्रार्थना झाल्यावर देवळाच्या पायऱ्यांवर त्याने हा विषय काढला आणि तिथे जमलेल्या प्रत्येक पुरुषाने मत दिलं. एकाने स्प्रिंग तुटली म्हटलं. एकाने काडतूस अडकलं म्हटलं. पाद्रीबाबांनी, त्यांनी जन्मात बंदूक धरलेली नाही, सांगितलं की श्रद्धेने ओढा. मी घरी येऊन पेटीच्या वरच्या बाजूने आत बोट घातलं. सरकत्या खिट्ट्याच्या वाटेवर दोन टोकं बोटाला टोचली. स्क्रू लांब होते, दुसरं काय. तुझ्या बंदुकीची भिंत जाड असेल, हिची बारीक. भिंतीतून आरपार येऊन खिट्ट्याला बरगडीत धरून बसले होते. मी म्हटलं, आल्सीद, हे काढा आणि कानशीने आखूड करा. तो म्हणाला, "आत असं काही दिसत नाही मला." मी म्हटलं, दिसत नसेल तर बोट घाला. घातलं. मग तो कानस शोधायला गेला. दांडा असा चालू लागला की त्याचा आवाज ऐकायला मी तो स्वयंपाकघरात उगाच हलवत बसले. डेल्फीनने बंदूक काढून घेतली.

मग नेम लावायचा दिवस. नांगरलेल्या शेतात पिंपाचं झाकण उभं केलं, मागे मातीचा चढ. मी पिशव्यांवर बंदूक टेकली, भोकातून पाहिलं, आणि ओनेझिम, मी तुला कसं सांगू? माशी तिथे होती. मधोमध, काळी, स्वच्छ, गोल चंद्रात बसलेली. मागचं भोक नुसतं धूसर कडं झालं आणि मधून निघून गेलं, जणू त्याला माझ्या कामात लुडबुड करायची नाही. बारा वर्षांत मी माशी आणि लक्ष्य एकत्र पाहिलं नव्हतं. माझ्या डोळ्यात पाणी आलं आणि माशी पुन्हा पुसट झाली, म्हणून मी स्वतःलाच रागावले. मग चाप ओढला. झाकणाला काही नाही. चढाच्या माथ्याशी माती उडाली. पुन्हा. पुन्हा माथ्याशी. साइट वरखाली करायची सोय आहे, ती आम्ही पार तळाला नेली, तरी गोळी उंचच.

आल्सीद म्हणाला, माशी उंच आहे म्हणून गोळी उंच जाते. आता हा शेतकरी माणूस, जे डोकं वर काढेल ते छाटायचं, एवढंच त्याला ठाऊक. मी तोंड उघडायच्या आत त्याने कानस मारून माशी बुटकी केली. माझी पुढची गोळी चढावरून थेट बुजगावण्याच्या टोपीतून गेली. ती टोपी आल्सीदचीच, लग्नातली. दोघं आम्ही बराच वेळ त्या टोपीकडे बघत राहिलो. मग मी म्हटलं, जावईबापू, मागचं भोक उंचावर बसलंय ना, मग पुढची माशीही उंच हवी, बुटकी नको. माशी उंच झाली की नळीचं तोंड खाली येतं. तो म्हणाला, "हे आधी सांगायचं ना, आई." मी म्हटलं, तुमची कानस माझ्या जिभेपेक्षा जलद निघाली, असं आजवर या एकदाच झालंय.

उंच माशी कुठून आणणार, शिकारीचा हंगाम दारात आलेला. तेव्हा मी कपाटातून तो चांदीचा चमचा काढला, एव्लाली आत्याने मला लग्नात दिलेला. घरात चांदी म्हणून तेवढीच. त्याच्या दांड्याचा तुकडा कापून आल्सीदने माशीच्या जागी बसवला, आणि उंच ठेवून थोडा थोडा घासत आणला, प्रत्येक वेळी मी एक गोळी मारायची, तो घासायचा, आणि गोळी एकेक बोट वर सरकत झाकणाच्या मध्यावर येऊन बसली. यात त्याची चूक एकही नाही. हे काम त्याने जिवापाड केलं, बोटं लाल होईपर्यंत, अंधार पडेपर्यंत, ज्या बुंध्यावर त्याला स्वतःला बसायचंय तिथे मी बसावं म्हणून. हे मी विसरणार नाही. (डेल्फीनचा हात इथे थांबला आहे. तो चमचा तिच्या नावाने ठेवलेला होता. तिला उरलेलं तोंड मिळेल, साखर घ्यायला पुरतं.)

आणि मग पहिली सकाळ, बीचची धार. बर्फ पातळ, वारा नाकावर. उजाडायच्या आधी मी बंदूक उचलून पाहिली तर भोकात नुसता काळोख. शेतात उन्हात जे छान दिसलं ते जंगलात मिटलेल्या डोळ्यासारखं. मी घाबरले. मग आठवलं की तुझ्या चिठ्ठीत शेवटी एक ओळ होती आणि ती वाचताना डेल्फीनची भाकरी करपत होती, "जंगलात आतली चकती..." इथे ती पळाली होती. मी भोकातली चकती बोटांनी फिरवली. ती निघाली. तिच्यामागे मोठं भोक होतं, आणि त्यातून सगळं जंगल आत आलं. देवा रे, ओनेझिम. पण आता चकती ठेवू कुठे? हातमोज्यांना खिसा नाही, कोट उघडला तर आवाज. मी ती गालात ठेवली, देवदाराचा चीक चघळत होते त्याच्याशेजारी. आणि तेवढ्यात तो आला. गेल्या सालचाच असेल असं मी म्हणणार नाही, पण त्याने तसंच वाईट वाटल्यासारखं माझ्याकडे पाहायला सुरुवात केली होती. या वेळी मी भोकाकडे पाहिलं नाही. त्यातून पाहिलं. चांदीचा ठिपका त्याच्या खांद्यामागे बसला आणि मी श्वास सोडला आणि चाप ओढला.

तो तिथल्या तिथे बसला. पावलांचा माग काढावा लागला नाही. मी गुडघ्यांवर गेले, त्याच्या कपाळावर हात ठेवला, लुजे करायचा तसं, आणि आभार मानायला तोंड उघडलं तेव्हा लक्षात आलं की तोंडात चीक आहे, चकती नाही.

बीचची धार माझ्याकडे राहिली. कोणी विषयसुद्धा काढला नाही. आल्सीदने एकट्याने नर ओढून आणला आणि कॅम्पच्या दारात टोपी काढून म्हणाला, "आई, तुम्ही आत जाऊन बसा, आज प्लोय मी भाजतो." भाजल्या. कुत्र्याने खाल्ल्या. दुसऱ्या दिवशी नदीकडच्या कड्यावर एक मादी त्याच्यासमोर उभी राहिली आणि तो चुकला, फांदी आडवी आली म्हणतो. कात्री माझ्या हातात होती. त्याचं शेपूट मी लुजेच्या शेजारी ठोकलं, जरा खाली.

तर हे आभार. वळसा लांब झाला. तुझ्या हातची वस्तू माझ्या गालाशी असते आणि मी तुझ्या डोळ्याने बघते, असं मला तिथे वाटलं. म्हातारीच्या मनात काहीही येतं, तू फार मनावर घेऊ नकोस. मांडीचं मांस धुरावलंय, आठवड्याच्या गाडीने येईल. वहिनीला सांग, ते गिरणीच्या पाण्यात शिजवू नको.

तुझी थोरली, एक्झिल्दा

ता. क. डेल्फीन ही ओळ लिहायला तयार नव्हती, पण तुझी वस्तू आहे, तुला कळायला हवं: चकती परत मिळाली आहे. उकळली आहे. दोनदा. हवी असल्यास कळव, नको असल्यास मला वाईट वाटणार नाही.

दुसरा ता. क. अक्षर बदललं म्हणून दचकू नकोस. मी पोस्टात उभी आहे, पाकीट वाफेवर उघडलंय आणि लिहिते आहे ती पोस्टातली ओबेलीन. डेल्फीनसमोर हे सांगता आलं नसतं. ओनेझिम, त्या मादीच्या आड फांदी नव्हती. आल्सीदचे डोळे गेलेत, जवळचे, माझ्यासारखे. पन्नाशीलाच. ड्रिल खुणेशेजारी पडलं कारण त्याला खूणच दिसली नव्हती, आणि मी सगळ्या गावाला सांगून हसले. बंदुकीच्या पोटातले स्क्रू त्याला दिसले नाहीत. देवळात तो गाण्याचं पुस्तक पुढच्या बाकावरच्या बाईच्या खांद्यावर टेकेल इतकं लांब धरतो. चष्मा म्हटलं की उठून गोठ्यात जातो. आता तू एक कर. तुझ्या गिरणीतल्या मित्रांत विचार, कोणाकडे अशी दुसरी भोकाची साइट आहे का, आणि ती आल्सीदच्या नावाने पाठव, माझ्या नाही. चिठ्ठीत लिही की तुझ्याकडे पडून होती. तुला ते वाक्य चांगलं जमतं.

आणि मी हे दयेने करतेय असं समजू नकोस. ओबेलीनही आत्ता तेच म्हणाली, तिलाही मी तेच सांगितलं. आल्सीदची ती चुकलेली गोळी एका भूर्जाच्या खोडात रुतली आहे, मी जाऊन पाहिलं. ते भूर्ज मी बसते त्या बुंध्याला अगदी खेटून आहे.